नव्या टीव्हीवर ‘कागज के फूल’ : दुकानातला झगमगाट घरी का उतरवावा लागतो

बंगळुरू : रिकाम्या स्टुडिओच्या काळोखात उंचावरून उतरणारा प्रकाशाचा एक झोत, आणि त्याच्या कडेला उभी असलेली दोन माणसे. ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटातील हे दृश्य सूर्यप्रकाश मोठ्या आरशांवरून वळवून साकारणारे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचे अखेरचे वास्तव्य बसवनगुडी परिसरातील शंकरपुरम येथे होते. ७ एप्रिल २०१४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा हा सन्मान लाभलेले ते पहिले छायालेखक ठरले होते.

त्या दृश्यातील काळोख आज लाखभर रुपयांच्या नव्या टीव्हीवर मूळ स्वरूपात दिसेलच, असे नाही. बहुतेक वेळा दोष पडद्याचा नसतो. संच खोक्यातून बाहेर येताना त्यात भरलेल्या मांडणीचा असतो.

दुकानात शेजारीशेजारी लावलेल्या संचांमध्ये ग्राहकाची नजर सर्वांत उजळ आणि सर्वांत भडक पडद्याकडे जाते. यासाठी असलेल्या ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये रंग वाढवलेले, कडा टोकदार केलेल्या आणि पांढरा रंग निळसर झुकवलेला असतो. घरी पहिल्यांदा संच सुरू करताना ‘होम’ आणि ‘स्टोअर’ यांपैकी एक पर्याय निवडावा लागतो. तेथे चुकून ‘स्टोअर’ निवडले गेले, तर दुकानातला झगमगाट दिवाणखान्यातही कायम राहतो. ‘होम’ निवडल्यावर मिळणारा ‘स्टँडर्ड’ मोडही बराचसा त्याच वळणाचा असतो.

चित्रपटाचे अंतिम रंगसंस्करण मात्र ठरलेल्या मानकाच्या पडद्यावर होते. त्यात पांढऱ्या रंगाचे तापमान सुमारे ६५०० केल्व्हिन धरलेले असते. टीव्हीवर याच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय बहुधा ‘वॉर्म’ या नावाने असतो. तो निवडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळट भासते. डोळे सरावले, की तेच स्वाभाविक वाटते आणि जुना मोड निळा दिसू लागतो. हे पारखण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही; कृष्णधवल चित्रपट पुरेसा आहे. करड्या छटांमध्ये निळी, हिरवी वा गुलाबी झाक दिसली, तर रंगाचे संतुलन बिघडलेले आहे, हे सामान्य प्रेक्षकालाही कळते. रंगीत चित्रपटात हीच चूक सहज लपून जाते.

सर्वाधिक घोळ ‘ब्राइटनेस’ या शब्दाने होतो. काही संचांत त्याचा अर्थ पडद्याचा एकूण उजेड असा आहे, तर काहींत काळ्या रंगाची पातळी. एकूण उजेड खोलीप्रमाणे कमी-जास्त करण्यास हरकत नाही. काळी पातळी मात्र चढवली, तर काळोख राखाडी होतो. उतरवली, तर अंधारातले तपशील नाहीसे होतात. मूर्ती यांच्या चित्रणात काळ्या कोटाच्या घड्या आणि त्यामागची काळी भिंत वेगळी ओळखू यायला हवी. ती ओळखू येईना, तर ही पातळी आणि ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ आधी तपासावे. खोलीतील प्रकाश मोजून पडदा आपोआप मंद करणारी ऊर्जाबचतीची सोयही अंधारी दृश्ये गिळून टाकते. रात्री चित्रपट पाहताना ती बंद ठेवलेली बरी.

‘शार्पनेस’ वाढवल्याने नवा तपशील मिळत नाही, कडांभोवती केवळ पांढरी रेघ उमटते. काही कंपन्यांच्या संचांत शून्याजवळचा, तर काहींत मधला आकडा तटस्थ असतो. जुन्या फिल्मचा कण हा दोष समजून पुसून टाकणारी ‘नॉइज रिडक्शन’ सुविधा चेहरे मेणाचे करून ठेवते. तीही चित्रपटासाठी नकोच.

त्यानंतर येते गती. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, तर महागडा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो. मधल्या जागा भरण्यासाठी टीव्ही स्वतःच नवी चित्रे रचतो. सॅमसंग, एलजी, सोनी अशा प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळे नाव दिले आहे. परिणाम मात्र एकच : चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेते टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी चित्रफीत प्रसृत करून ही सोय बंद करण्याचे आवाहन केले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. त्यात हा गुळगुळीतपणा, कृत्रिम धार आणि कण पुसणे या गोष्टी एकाच वेळी बंद होतात. सर्व कंपन्यांनी तो लगेच स्वीकारला नाही. तो नसेल तेथे ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड घ्यावा. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात चित्रांची संख्या मुळातच अधिक असते. तेथे ही सोय अल्प प्रमाणात ठेवली, तर बिघडत नाही.

‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. मूळ प्रमाणातील प्रत १६:९ च्या टीव्हीवर लावल्यास वर आणि खाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवण्यासाठी ‘झूम’ केले, तर चौकटीचा जवळपास चौथा हिस्सा दोन्ही बाजूंनी कापला जातो. चौकटीच्या टोकाला उभ्या असलेल्या पात्रावर दृश्याचा अर्थ पेलणाऱ्या या चित्रपटात हे नुकसान मोठे आहे. पट्ट्यांना दोष मानण्याची सवय इतकी रुळली आहे, की अनेक घरांत ‘झूम’ कायमचेच लावलेले असते.

एकदा बदललेली मांडणी सर्वत्र लागू होते, हाही एक गैरसमज. सेट-टॉप बॉक्स, ओटीटी ॲप आणि एचडीएमआयला जोडलेले प्रत्येक उपकरण यांची मांडणी अनेक संचांत स्वतंत्र साठवली जाते. एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजन चित्र सुरू झाले, की मेनूतील आकडेही वेगळे दिसतात. म्हणून प्रत्येक प्रकारचा एकेक चित्रपट प्रत्यक्ष चालू असतानाच बदल करावेत, तेही शक्यतो संध्याकाळी, नेहमीच्या दिव्यांच्या उजेडात.

ओलेड संच घेणाऱ्यांनी आणखी एक सवय बदलावी. रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची पद्धत भारतीय घरांत सार्वत्रिक आहे. ओलेड पडदा मात्र काही तासांच्या वापरानंतर, ‘स्टँडबाय’ अवस्थेत असताना, स्वतःची दुरुस्ती करून घेतो. वाहिन्यांची स्थिर चिन्हे आणि बातम्यांच्या पट्ट्या यांचे डाग पडद्यावर उमटू नयेत, यासाठी ही प्रक्रिया असते. वीजपुरवठाच तोडला, तर ती होत नाही. रिमोटने संच बंद करून भिंतीवरचे बटण चालू ठेवावे. घर काही दिवस बंद राहणार असेल किंवा विजांचा कडकडाट सुरू असेल, तेव्हा ते बंद करावे.