तुरुंगाच्या पहारेकऱ्यांनी संप केला तर? न्यूयॉर्कचे ते २२ दिवस

दहावीच्या वर्गात कामगार चळवळीचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "टीचर, जेलच्या शिपायांनी संप केला तर कैद्यांना जेवण कोण देणार?" वर्ग खो खो हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण असा संप खरोखर झालेला आहे.

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात तुरुंगरक्षक कामावर न जाता गेटबाहेर थंडीत उभे राहिले. बघता बघता राज्य सरकारच्या ४२ तुरुंगांपैकी बहुतेक ठिकाणी हे लोण पसरलं. गंमत म्हणजे संप युनियनने पुकारलेलाच नव्हता. पुकारणार तरी कसा? तिथल्या १९६७ च्या 'टेलर लॉ'नुसार सरकारी नोकरांना संपाची मनाई आहे. संपाच्या दिवसाचा पगार तर जातोच, वर तेवढाच दंडही कापला जातो.

मग एवढी जोखीम का घेतली? मुख्य कारण माणसांची कमतरता. पदं रिकामी, भरतीला लोक येत नाहीत. त्यामुळे आहे त्याच माणसाला ड्युटी संपली तरी सोडायचं नाही. सक्तीचा ओव्हरटाइम. सलग २४ तास ड्युटी लागते, अशी रक्षकांची तक्रार होती. ओव्हरटाइमचे पैसे मिळतात हो, पण घरी लेकरं झोपलेली असताना जायचं आणि ती उठायच्या आत निघायचं, हे किती दिवस चालणार? त्यातच संपाच्या थोडं आधी वरिष्ठांकडून सूचना आली, की जुन्या हिशोबाच्या ७० टक्के मनुष्यबळ हेच आता पूर्ण धरून चला. म्हणजे तुटवडा भरून काढायचा नाही, त्यालाच भरपूर म्हणायचं!

दुसरी मागणी मात्र वादाची होती. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून 'हॉल्ट' नावाचा कायदा लागू आहे. कैद्याला एकट्याला कोठडीत सलग १५ दिवसांपेक्षा जास्त डांबता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांतही हीच मर्यादा आहे. रक्षक म्हणत होते, या कायद्यामुळे धाक उरला नाही, आमच्यावर हल्ले वाढले, तो रद्द करा. कैद्यांच्या बाजूचे लोक म्हणत होते, दोष कायद्याचा नाही, कायदा नीट राबवायला माणसंच नाहीत. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण हे कसं सोडून चालेल: डिसेंबर २०२४ मध्ये मार्सी तुरुंगात हातकड्या घातलेल्या एका कैद्याला रक्षकांनी मारहाण केली आणि त्यात तो मेला. ते सगळं रक्षकांच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यांत टिपलं गेलं. त्या प्रकरणात काही रक्षकांवर खुनाचे आरोप जाहीर झाले ते २० फेब्रुवारीला, म्हणजे संपाच्या चौथ्याच दिवशी. रक्षकांची थकवणूक खरी आणि हेही खरं. दोन्ही एकाच भिंतीआडचं.

आता त्या मुलाचा प्रश्न. गव्हर्नर कॅथी होकल यांनी नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, हजारो जवान आत पाठवले. जेवण पोहोचवण्यापासून पहाऱ्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, पण हे त्यांचं रोजचं काम थोडंच होतं? कैदी दिवसचे दिवस कोठडीत बंद. राज्यभर मुलाकाती थांबल्या. संपाचे शेवटचे दिवस रमजानचे होते, आणि तिथल्या तुरुंगांत मुस्लिम कैदी कमी नाहीत. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनाच कळेल, एक मुलाकात हुकली की घरात काय होतं ते. १ मार्चला मिड-स्टेट तुरुंगात आणखी एका तरुण कैद्याचा मारहाणीत मृत्यू झाला.

सरकारनेही पेच आवळला. संपकऱ्यांचा आरोग्य विमा बंद केला. तिथे विमा नोकरीला बांधलेला असतो, म्हणजे बायको-मुलांच्या औषधपाण्यावरच घाला. शेवटी युनियन आणि सरकार यांच्यात तडजोड झाली: १२ तासांच्या पाळ्या, काही काळ वाढीव ओव्हरटाइम, आणि हॉल्ट कायद्यातल्या काही तरतुदी ९० दिवस स्थगित. १० मार्चला सकाळी हजर व्हा, असा निरोप गेला. बरेच हजर झाले. जे झाले नाहीत, अशा २ हजारांहून जास्त रक्षकांची नोकरी गेली. आपल्याकडे एसटीच्या संपात बडतर्फ झालेल्यांना कोर्टाने परतीची वाट करून दिली होती. या लोकांना सरकारने तशी सवलत दिली नाही.

म्हणजे माणसं कमी म्हणून संप झाला आणि संपानंतर माणसं आणखी कमी झाली. संप मिटल्यानंतरही नॅशनल गार्डचे जवान कित्येक महिने त्याच तुरुंगांत पहाऱ्याला होते.

वर्गात हे सांगितल्यावर तोच मुलगा म्हणाला, "टीचर, मग ज्यांनी काही केलंच नव्हतं, ते आतले?" तेवढ्यात बेल झाली.