एका विमानाची किंमत नेमकी किती?

बी-2 हे अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान नगाला दोन अब्ज डॉलरचं, असं नेहमी सांगितलं जातं. त्यावरून वाटतं, आणखी एक घ्यायचं तर आणखी दोन अब्ज मोजावे लागले असते. तसं नाही. या सरासरीत संशोधन आणि विकासाचा प्रचंड खर्च मिसळलेला आहे. विमानं थोडी बांधा की पुष्कळ, तो फारसा बदलत नाही. योजना 132 विमानांची होती. शीतयुद्ध संपलं, बांधली गेली 21. सगळा बोजा तेवढ्यांवरच पडला. म्हणून खरेदी कापली की एकूण खर्च घटतो, पण नगाची किंमत चढते, आणि ती चढलेली किंमत बघून आणखी कपातीची मागणी होते. हे चक्र मला सर्वांत घातक वाटतं.

दुसरा समज: प्रत्येक नवं विमान आधीच्यापेक्षा ठरावीक टक्क्यांनी स्वस्त पडतं. थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्याने 1936 मध्ये मांडलेला नियम वेगळा आहे. एकूण उत्पादन दुप्पट झालं की नगामागचे सरासरी श्रम सुमारे 80 टक्क्यांवर येतात. पहिल्या विमानाला एक लाख मनुष्यतास लागले, तर दोन विमानांची सरासरी 80,000, चारांची 64,000, आठांची 51,200. पुढे तेवढ्याच टक्क्यांची घट मिळवायला शंभरावरून दोनशेवर जावं लागतं. शिवाय हा हिशेब श्रमाचा आहे. बाहेरून विकत घेतलेल्या धातूची किंमत कामगारांचा हात बसल्याने उतरत नाही.

हात बसणं आपोआप घडतं, हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी या अमेरिकी मालवाहू जहाजांचंच बघा. 1941 मधल्या पहिल्या जहाजाला सुमारे आठ महिने लागले, पुढे सरासरी दीड महिन्यापर्यंत आली. हे श्रेय वर्षानुवर्षं अनुभवाला दिलं गेलं. नंतर अर्थशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातला मोठा वाटा नव्या यंत्रसामग्रीचा निघाला; घाईत जहाजांचा दर्जाही घसरला होता.

उत्पादन थांबलं तर कमावलेलं कसब पांगतं. एफ-22 लढाऊ विमानांचं उत्पादन थांबल्यावर ते पुन्हा सुरू करण्याचा हिशेब अमेरिकी हवाई दलाने मांडला: 194 विमानांसाठी सुमारे 50 अब्ज डॉलर, आणि त्यातले काही अब्ज नुसती बंद पडलेली उत्पादनव्यवस्था पुन्हा उभी करायला.