व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आवाज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

निर्वात नलिका, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला व्हॉल्व्ह, वापरून बांधलेल्या ॲम्प्लिफायरविषयी सर्वांत घट्ट रुजलेला समज असा की, आवाजातला गोडवा काचेच्या त्या नळीतच असतो, आणि म्हणून सगळे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर सारखेच मऊ वाजतात. व्हॉल्व्ह मूळ स्वरात दुप्पट कंप्रतेचा उपस्वर मिसळतो, आणि दुप्पट कंप्रता म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर असल्याने, मध्य षड्जामागे तार षड्ज यावा तशी ही भेसळ कानाला खटकत नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. हे वर्णन खोटे नाही. पण ते एका विशिष्ट रचनेचे आहे, सर्व व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांचे नव्हे.

ती रचना सिंगल-एंडेड होय. तीत ध्वनिलहरीचे दोन्ही अर्ध एकाच बाजूने हाताळले जातात. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ सालचा ‘३००बी’ हा ट्रायोड, म्हणजे तीन विद्युतअग्रांचा व्हॉल्व्ह, अशा रचनेत एकटा सुमारे ८ वॉट देतो. पुश-पुल रचनेत मात्र दोन व्हॉल्व्ह परस्परविरुद्ध कलेने चालतात आणि त्यांनी निर्माण केलेले सम पटीचे उपस्वर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना बहुतांशी रद्द करतात. ज्या उपस्वरांना व्हॉल्व्हची ओळख मानले जाते, तेच येथे काढून टाकलेले असतात.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मोजमापात नेहमीच कच्चा ठरतो, या दुसऱ्या समजाचे उत्तर १९४७ इतके जुने आहे. त्या वर्षी डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात ट्रायोड पद्धतीने जोडलेल्या दोन ‘केटी६६’ व्हॉल्व्हांचे १५ वॉटचे पुश-पुल मंडल प्रसिद्ध केले. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून आरंभी परत देणे, म्हणजे ऋण पुनर्भरण, त्यांनी २० डेसिबल इतके वापरले आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आत आणली. एवढे पुनर्भरण देऊनही मंडल स्थिर राहावे यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर असामान्य दर्जाचा लागत असे, आणि रचनेचे खरे कसब तेथेच होते.

सामान्यतः दुर्लक्षित राहणारा मुद्दा स्पीकरशी पडणाऱ्या गाठीचा आहे. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर सर्व कंप्रतांना आठ ओहम नसतो. एखाद्या स्पीकरचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, मध्यभागी ६ ओहम आणि खर्जातील अनुस्पंदनाला ३० ओहम असू शकतो. पुनर्भरण नसलेल्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा संरोध ३ ओहम धरला, तर या दोन ठिकाणी स्पीकरला मिळणाऱ्या विद्युतदाबात सुमारे २.७ डेसिबलचा फरक पडतो. तोच संरोध ०.१ ओहम असल्यास फरक जेमतेम ०.१ डेसिबल उरतो. ज्याला ‘भरदार खर्ज’ म्हणून वाखाणले जाते, त्याचा मोठा भाग अनेकदा हाच असतो, आणि स्पीकर बदलला की तोही बदलतो.

व्हॉल्व्हचा वॉट ट्रान्झिस्टरच्या वॉटहून मोठा असतो, हे तर निखालस चूक आहे, कारण वॉट हे शक्तीचे एकक आहे आणि ते सर्वत्र एकच असते. फरक क्षमता संपतानाचा आहे: पुनर्भरण नसलेला ट्रायोड लहरीचे शिखर हळूहळू दाबतो, त्यामुळे क्षणिक उंच आघात कमी बोचतात, पण भरपूर पुनर्भरणाचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरही मर्यादा ओलांडताच शिखर जवळजवळ सपाट छाटतो.

राहता राहिला व्हॉल्व्ह बदलून पाहण्याचा छंद. झिजलेला किंवा जोडीदाराशी न जुळणारा शक्तिव्हॉल्व्ह बदलल्याने सुधारणा नक्की होते, मात्र मंडलाचा स्वभाव त्याने पालटत नाही. म्हणून खरेदी करणाऱ्याने व्हॉल्व्हच्या छापापेक्षा रचना, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट संरोध यांची चौकशी आधी करावी, आणि ऐकून पाहताना आपलाच स्पीकर जोडून पाहावा.