टाइल्सखालचं इलेक्ट्रिक हीटिंग: प्लायवूडवर बसवताना काय बघायचं, आणि मल्टिमीटरने आमचं काम कसं वाचवलं

सावंतवाडीत बसून कुणी जमीन गरम करायच्या तंत्रावर लिहितोय म्हटल्यावर तुम्हाला हसू येणार, हे मला माहीत आहे. मे महिन्यात दुपारी अंगणातल्या लादीवर अनवाणी पाय ठेवला की हे हीटिंग आपल्याकडे फुकटातच मिळतं. पण माझी ताई राहते कॅनडात, ओंटारिओ प्रांतात. गेल्या हिवाळ्यात आई तिच्याकडे राहायला गेली आणि पहिल्याच सकाळी बाथरूममधून ओरडली, "गो, ही लादी आसा की बर्फ?"

आईचे गुडघे दुखतात. थंड लादी टाळायला ती पायाखाली जाडजूड पायपुसणी टाकायला लागली आणि एकदा त्याच पायपुसणीवरून घसरली. सुदैवाने थोडक्यात निभावलं. त्याच रात्री भावोजींनी एक व्हिडिओ बघितला आणि टाइल्सखाली हीटिंग मॅट टाकायचं ठरवलं. माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, म्हणून मला व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. पुढचे दोन आठवडे माझा सकाळचा चहा त्यांच्या बाथरूममध्येच झाला म्हणा ना!

चला तर मग, हे प्रकरण नक्की काय आहे ते बघूया.

जमीन गरम होते कशी?

कल्पना खूप जुनी आहे. रोमन लोक जमिनीखालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा खेळवायचे. कोरियात चुलीचा गरम धूर जमिनीखालून नेण्याची पद्धत आहे, तिला 'ओंडोल' म्हणतात. आता धुराच्या जागी वायर आली, एवढंच.

ही वायर म्हणजे तुमच्या इस्त्रीतल्या एलिमेंटची लांबलचक, सौम्य बहीण समजा. जाळीच्या मॅटवर ती नागमोडी चिकटवलेली असते. वीज गेली की वायर तापते, तिच्यावरचं सिमेंट तापतं, मग टाइल तापते. जमिनीत एक छोटा सेन्सर असतो. तो थर्मोस्टॅटला तापमान कळवतो आणि थर्मोस्टॅट वीज चालू-बंद करतो. टाइल चटका बसेल इतकी तापवायची नसते. पायाला साधारण २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरतं.

गणित करून बघूया

ताईचं बाथरूम ८ फूट बाय ५ फूट, म्हणजे ४० चौरस फूट. पण टब, कमोड आणि बेसिनच्या कपाटाखाली मॅट टाकायची नसते. तिथे उष्णता कोंडून राहते आणि वायर जास्त तापते. मोकळी जागा उरली २४ चौरस फूट.

तिकडच्या मॅट साधारण १२ वॅट दर चौरस फूट अशा असतात. म्हणजे २४ गुणिले १२, बरोबर २८८ वॅट. आपल्या तीन-चार पंख्यांइतकीच वीज. रोज ४ तास अखंड चालली तरी सव्वा युनिटच्या आत. शिवाय ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

तिकडे घरात १२० व्होल्ट असतात. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे १४,४०० भागिले २८८, उत्तर ५० ओहम. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याचीच आहे.

आणखी एक. "इकडे स्वस्त मिळते, पाठवून देऊ का?" असं मी भावोजींना विचारलं होतं आणि लगेच जीभ चावली. २३० व्होल्टची मॅट १२० व्होल्टवर लावली तर जेमतेम २७ टक्के पॉवर देईल. उलट १२० ची मॅट आपल्या २३० वर लावली तर साडेतीन पटीहून जास्त पॉवर खेचेल आणि जळेल. त्यामुळे मॅट ज्या देशात बसवायची, त्याच व्होल्टेजची घ्यायची.

प्लायवूडच का अवघड?

आपल्याकडे खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. तिकडची बरीच घरं लाकडी सांगाड्याची. खाली लाकडी वासे, वासांवर प्लायवूड आणि त्यावर टाइल्स.

आता मला सांगा, पावसाळ्यात तुमच्या घराचं लाकडी दार चिकटतं की नाही? आणि होळीच्या सुमाराला आपोआप मोकळं होतं. लाकूड दमटपणाने फुगतं, सुकलं की आकसतं. चितार आळीत लाकडी खेळणी करणाऱ्या कुणालाही विचारा, ओलं लाकूड पुढे दगा देतंच. प्लायवूड साध्या लाकडापेक्षा कमी हलतं, पण हलतं. टाइल मात्र अजिबात हलत नाही. भांडण तिथेच सुरू होतं. त्यात खालून रोज गरम-गार, गरम-गार. थर चुकले तर सांध्यात आधी बारीक रेघ दिसते, मग टाइल निखळते.

म्हणून खालून वर थर असे लागतात:

१. वासे आणि प्लायवूड. उडी मारल्यावर जमीन लवता कामा नये. सिरॅमिक टाइलसाठी नियम असा की दोन आधारांमधलं अंतर भागिले ३६०, त्याहून जास्त लवचिकता चालत नाही. १२ फुटांचा वासा असेल तर १० मिलिमीटर ही कमाल हद्द. पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचंच प्लायवूड घ्यायचं, स्क्रूने पक्कं करायचं आणि दोन पत्र्यांमध्ये साधारण ३ मिलिमीटर फट ठेवायची.

२. इन्सुलेशन बोर्ड. फोमचा, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा लेप असलेला, ६ ते १० मिलिमीटरचा. प्लायवूडमधून उष्णता काँक्रीटच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच वाहते, त्यामुळे खाली जाणारी गळती मुळात कमी असते. तरीही या बोर्डाने टाइल लवकर तापते आणि लाकूड व टाइलमध्ये एक मध्यस्थ मिळतो.

३. हीटिंग मॅट आणि सेन्सर. सेन्सर वायरच्या दोन फेऱ्यांच्या बरोबर मधे ठेवायचा. तो छोट्या नळीतून न्यायचा, म्हणजे उद्या खराब झाला तर टाइल न फोडता बदलता येतो.

४. पातळ सिमेंटचा सेल्फ-लेव्हलिंग थर. वायर पूर्ण झाकली गेली पाहिजे. उघडी राहिली तर तिथेच जास्त तापते.

५. लवचीक टाइल ॲडेसिव्ह आणि टाइल्स. साधं सिमेंट-रेती इथे चालत नाही. भिंतीच्या कडेला थोडी फट सोडून ती सिलिकॉनने भरायची.

वायरच्या बाबतीत तीन गोष्टी कधीच करू नका. ती कापू नका. मॅट वळवताना फक्त जाळी कापायची असते. वायरवरून वायर नेऊ नका. आणि तापणारी वायर जिथे साध्या वायरला जोडलेली असते, तो कारखान्यातला जोड भिंतीत घालू नका. तो जमिनीतच, सिमेंटमध्ये पूर्ण बुडवायचा.

तो एक आकडा

आता खरी गोष्ट. मॅट आली तेव्हा मी भावोजींना साधा मल्टिमीटर आणायला लावला. खोक्यावर ५० ओहम लिहिलेलं, मीटरने ५०.४ दाखवलं. अंथरल्यावर ५०.३. दोन्ही उत्तम. साधारण १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

मग लेव्हलिंगचा थर टाकला. त्या दिवशी भावोजींना घाई होती, सुट्टी संपत आली होती. कॅमेऱ्यासमोर त्यांनी मीटर लावला, ५०.२. "बघ, आहे तसंच आहे. उद्या टाइल्स लावून टाकतो."

मी म्हटलं, "भावोजी, दुसरं रीडिंग घ्या. आतली तार आणि बाहेरची अर्थची जाळी यांच्यातलं."

"अरे, पहिलं बरोबर आहे ना?"

"तरीपण घ्या."

तिथे मीटरवर काहीच यायला नको, म्हणजे 'ओएल'. आकडा आला काहीशे किलोओहम. म्हणजे तार तुटली नव्हती, पण तिचं आवरण कुठेतरी खरवडलं गेलं होतं आणि वीज अर्थकडे गळायला वाट मिळाली होती. रीडिंग अखंड तारेचं बरोबर असलं तरी आवरण धड आहे असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला डिप्लोमाला शिकवलं होतं, पण खरं कळलं त्या सकाळी.

भावोजी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "ते जीएफसीआय ट्रिप होणार म्हणतोस ना? मग साधा थर्मोस्टॅट लावला तर?"

माझा चहा तसाच राहिला. ओंटारिओतल्या त्या बाथरूममध्ये ओल्या पायांनी उभी राहणार होती माझी आई. जीएफसीआय म्हणजे आपल्याकडच्या आरसीसीबीचा भाऊ. जाणारी आणि परत येणारी वीज सारखी नसेल तर तो क्षणात तोडतो. आपल्याकडे घरात ३० मिलिअँपिअरचा लावतात, तिकडे माणसाच्या संरक्षणासाठी ५ मिलिअँपिअरचा. तो ट्रिप होतो ही तक्रार नाही, तेच त्याचं काम आहे. मी एवढंच म्हटलं, "त्या लादीवर पहिला पाय आईचा पडणार आहे." त्यांनी मान हलवली.

खरवडलेली जागा सापडायला वेळ लागला नाही. कारण मी आधीच एक काम करून घेतलं होतं. मॅट झाकायच्या आधी टेप जमिनीवर ठेवून प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढून ठेवला होता. लोखंडी थापी नक्की कुठे अडखळली होती, ते त्यांना आठवत होतं. फोटोवरून माप घेतलं आणि तेवढाच थर फोडला. वायरवर पांढरा ओरखडा! मॅट बदलली, प्लास्टिकची थापी आणली, थर पुन्हा टाकला. दोन दिवस आणि एका मॅटचे पैसे गेले. टाइल्स लावल्यावर कळलं असतं तर सगळी जमीन गेली असती.

शेवटची जोडणी भावोजींनी केली नाही, तिकडच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनने केली. त्याने मेगर लावून जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासलं. मल्टिमीटर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यामुळे बारीक दोष त्याच्या नजरेतून सुटू शकतो. ओंटारिओत असं काम विद्युत सुरक्षा प्राधिकरणाला कळवावंही लागतं.

टाइल्स लागल्या, लगेच चालू करायचं?

नाही! सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. लगेच तापवलं तर पाणी उडून जातं आणि थर कच्चा राहतो. कंपनीच्या पत्रकात जितके दिवस लिहिलेत तितके थांबायचं. काही ठिकाणी आठवडा, काही ठिकाणी २८ दिवस. नंतरही तापमान रोज थोडं थोडं वाढवायचं.

थर्मोस्टॅट वाय-फायचा असेल तर मोबाइलवरून वेळ लावता येते. ताईने सकाळी साडेपाच ते आठ लावलंय, म्हणजे आई उठेपर्यंत लादी कोमट. जोडताना ॲपला थर्मोस्टॅट सापडत नसेल तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क चालू आहे का ते बघा. अशी बरीच उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर चालत नाहीत.

मग आपण बसवायचं का?

सावंतवाडीत? मुळीच नको. आंबोलीच्या थंडीलाही एक चांगली सतरंजी आणि पायमोजे पुरतात. पण या गोष्टीतला एक भाग आपल्या प्रत्येक घराचा आहे. आपल्या बाथरूममध्ये गिझर आहे, ओली जमीन आहे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल आहे. मीटरबोर्डवर आरसीसीबी आहे का, ते आजच बघा. असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा. वीज गेली पाहिजे. महिन्यातून एकदा असं करत जा. वाय-फाय मिनिटभर जाईल, घरातले ओरडतील, ओरडू देत. बटण दाबूनही वीज गेली नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

परवा ताईने व्हिडिओ कॉल केला. आई बाथरूमच्या दारात अनवाणी उभी होती. पायपुसणी कुठेच दिसत नव्हती. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "आता बरा वाटता. पण लायटीचा बिल कोण भरता?"

भावोजी मागून हसले. मी तिला सव्वा युनिटचं गणित सांगायला सुरुवात केली, तोवर ती चहा ठेवायला निघून गेली होती.