विमानात तंबोरा कशाने तडकतो?

परदेशी कार्यक्रमाला निघालेले गवई, शर्यतीसाठी सायकल घेऊन जाणारे हौशी स्वार आणि स्पर्धेला निघालेले बॅडमिंटनपटू यांची विमानतळावरची काळजी सारखीच असते. मोठी वस्तू केबिनमध्ये नेता येत नाही, ती विमानाच्या पोटातल्या मालकक्षात जाते. तिथे तिचे काय होत असेल? ‘खाली हवाच नसते, त्यामुळे भोपळा फुटतो’, ‘लाकूड गोठते’, ‘टायर फाटतात’ असे बरेच काही ऐकायला मिळते. त्यावर विसंबून माणसे भलतीच तयारी करतात आणि खरा धोका तसाच राहतो.

मालकक्षातही हवा असते

प्रवासी विमान साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडते. तिथे बाहेरचे तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चौथा हिस्सा. पण मोठ्या प्रवासी विमानात आपण बसतो ती केबिन आणि खालचा मालकक्ष हे दोन्ही एकाच हवाबंद भागात असतात. दोन्हीकडे दाब सारखाच, म्हणजे ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. सिमला साधारण याच उंचीवर आहे. सिमल्याला मोटारीने नेलेला तंबोरा दाबामुळे फुटत नाही, तसा तो विमानातही फुटत नाही.

सायकलच्या टायरचा हिशेब करून पाहा. टायरमध्ये ८० पीएसआय हवा असेल, तर उड्डाणात बाहेरचा दाब फार तर ४ पीएसआयने घटतो. तेवढ्याने चांगला टायर फाटत नाही. तरीही बऱ्याच विमान कंपन्या हवा कमी करायला सांगतात. त्यांचा नियम पाळावा, पण टायर पूर्ण रिकामा करू नये. थोडी हवा ठेवली तर आपटताना चाकाच्या रिमला तीच आधार देते.

तापमानाचेही तसेच आहे. मालकक्ष गार असतो, पण बाहेरच्यासारखे उणे ५० अंश तिथे नसतात. सामानाची खरी परीक्षा होते ती जमिनीवर: मे महिन्यात नागपूरच्या धावपट्टीशेजारी उन्हात उभ्या ट्रॉलीवर किंवा जानेवारीत शिकागोच्या बर्फात. उन्हात तापलेल्या पेटीत सरसाचे सांधे मऊ पडतात.

खरा शत्रू कोरडेपणा

बाहेरच्या अतिथंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. तीच हवा आत घेऊन गरम केली जाते. त्यामुळे विमानातली आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांहून कमी असते. लांबच्या प्रवासात आपले ओठ आणि डोळे कोरडे पडतात, ते यामुळेच. लाकडी वाद्यांना मात्र साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते.

लाकूड कापल्यावरही हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. ओलावा गेला की ते आकसते, पण सगळ्या दिशांना सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, आडव्या दिशेने मात्र बरेच. आता मिरजेचा तंबोरा डोळ्यांसमोर आणा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कडू भोपळा, त्यावर सरसाने बसवलेली लाकडाची पातळ तबली आणि लांब दांडी, अशी त्याची घडण. भोपळा आणि लाकूड सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. सरसाचा सांधा त्यांना हलू देत नाही. ताण वाढत जातो आणि सगळ्यात नाजूक जागी चीर पडते.

ही चीर बहुधा विमानात पडतच नाही. दहा-पंधरा तासांत बंद पेटीतल्या लाकडातून फार ओलावा जात नाही. पावसाळ्यात मुंबईहून निघालेले वाद्य हिवाळ्यात परदेशातल्या गरम केलेल्या घरात पोहोचते, तेव्हा त्याचे खरे हाल सुरू होतात. तिथली हवाही विमानाइतकीच कोरडी असू शकते आणि वाद्याला तिथे महिनोन्‌महिने राहायचे असते. आधी खुंट्या सैल होऊन घसरू लागतात, मग तबलीचा सांधा उघडतो. तबल्याची पुडी चामड्याची असते, ती कोरड्या हवेत ताणली जाते आणि स्वर चढतो. बॅडमिंटनच्या फुलांची पिसे ठिसूळ होतात. म्हणून काही खेळाडू सामन्याआधी फुलांना हलकी वाफ देतात.

उपाय साधे आहेत. कोरड्या देशात जाताना पेटीत वाद्यासाठी मिळणारे ओलावा राखणारे पाकीट ठेवावे. सिलिका जेलची पुडी मात्र काढून टाकावी. ती ओलावा शोषते, म्हणजे इथे नेमके उलटे काम करते. मुक्कामी पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नये. काही तास खोलीत तशीच राहू द्यावी, म्हणजे गार लाकडावर दव धरत नाही आणि तापमान हळूहळू बदलते. वाद्य हीटरपासून लांब ठेवावे.

दुसरा शत्रू, आपटणे

कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ मध्ये शिकागोच्या विमानतळावर सामान हाताळताना मोडली. भरपाई नाकारली गेल्यावर त्यांनी २००९ मध्ये त्यावर गाणे केले आणि ते जगभर गाजले. पुढे अमेरिकेत २०१५ पासून असा नियम लागू झाला की, प्रवासी चढताना जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावे.

पट्ट्यावरून घसरताना किंवा पेटी पडताना सगळ्यात मोठा झटका बसतो तो दांडी आणि भोपळा जिथे जुळतात त्या सांध्याला. तारा पूर्ण ताणलेल्या असतील तर आधीच असलेल्या ताणात झटक्याची भर पडते. म्हणून तारा दोन-तीन स्वर उतरवाव्यात, पण अगदी ढिल्या सोडू नयेत. वाद्य त्या ताणाच्या हिशेबानेच घडवलेले असते. गवसणी धुळीपासून वाचवते, आपटण्यापासून नाही. त्यासाठी कडक पेटीच हवी. पेटी हलवून पाहावी. आत वाद्य सरकत असेल तर भोपळ्याभोवती, दांडीखाली आणि खुंट्यांच्या बाजूला कपडे भरावेत. ‘नाजूक’ लिहिलेल्या चिठ्ठीवर विसंबू नये. वाद्य मोठ्या सामानाच्या खिडकीवर हातोहात द्यावे.

काही वस्तूंची जागा ठरलेली आहे. क्रिकेटची बॅट आणि तबल्याची हातोडी केबिनमध्ये चालत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच न्याव्या लागतात, कारण बॅटरी पेटली तर तिथे ती लगेच दिसते. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सहसा चालते. विजेवरच्या सायकलची बॅटरी याच्या कितीतरी पट मोठी असते, ती नेता येत नाही.

दाबाचा धोका माणसाला

दाबाची भीती एका बाबतीत मात्र खरी आहे, आणि ती सामानाची नाही. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी मोपाहून विमान पकडायचा बेत अनेक जण आखतात. पाण्याखाली १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच विमानाच्या कमी दाबात गेलो, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणे, हातपाय बधिर होणे, क्वचित पक्षाघात इथपर्यंत परिणाम होतो. एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. नंतर अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे आणि डायव्हिंग केल्याचे आवर्जून सांगावे.

भरपाई मागताना

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची भरपाई मॉन्ट्रियल कराराने ठरते. सध्या तिची मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये आहे. वाद्य त्याहून मोलाचे असेल तर चेक-इन करतानाच किंमत जाहीर करून जादा शुल्क भरता येते किंवा वेगळा विमा काढता येतो. मोडतोड झाल्याची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते.

याच करारात एक कलम आहे: वस्तूच्या अंगभूत दोषामुळे झालेल्या नुकसानीला विमान कंपनी जबाबदार नाही. आपटून मोडलेली दांडी आणि कोरडेपणाने उघडलेला सांधा यांतला फरक इथे पैशांत मोजला जातो. म्हणून पेटी सोपवण्याआधी वाद्याचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. पोहोचल्यावर पेटी बाहेरून फुटलेली किंवा चेपलेली दिसली तर विमानतळावरच ती उघडून पाहावी आणि तक्रार नोंदवूनच बाहेर पडावे. अशा वेळी मात्र काही तास थांबण्याचा नियम बाजूला ठेवावा.