पाठीवरचा कॅमेरा

फिल्मचा कॅमेरा सायकलवरून न्यायचा म्हटलं की तो पडेल, हीच धास्ती सगळ्यांना असते. त्याचा खरा वैरी मात्र रस्त्याची बारीक थरथर. देवळाली प्रवरातून राहुरी फॅक्टरीकडे निघालं की ती तळहाताला कळू लागते. एखादा मोठा गचका कॅमेरा सोसतो. तासन्‌तास चाललेली थरथर लेन्सच्या कड्यातले इवलेसे स्क्रू सैल करते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तर फोकस जुळवणारी आरशाची रचनाच जागची हलते. डोळ्यांना दोन प्रतिमा नीट एकावर एक बसलेल्या दिसतात आणि फोटो मात्र अंधुक येतो.

म्हणून माझा पेंटॅक्स के-१००० कॅरिअरवर जात नाही. हँडलच्या पिशवीतही नाही. पुढच्या चाकाखालचा प्रत्येक खडा तिथे थेट पोचतो. तो पाठीवर. कोपर, गुडघे आणि कंबर जितके धक्के गिळतात तितके कुठलाच फोम गिळत नाही. पट्टा खांद्यावरून तिरपा घ्यायचा, कॅमेरा मणक्याच्या एका बाजूला आणायचा. ऐन मणक्यावर नको, पडलो तर तो पाठीतच रुतेल. मग वरून उपरणं घट्ट बांधायचं, म्हणजे पेडल मारताना तो पोटाकडे घसरत नाही. मध्ये सुती फडकं हवंच. घामातलं मीठ धातूला चांगलं नाही. लेन्सला झाकणही हवंच, कारण या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटण नाही. उजेड आत गेला की बॅटरी उतरत राहते. शटर चढवून ठेवू नये. गचक्यात बटण दाबलं गेलं, तर ३६ फोटोंतला एक फुकट.

ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांमागून फुफाटा उठतो. फिल्मच्या नळीच्या तोंडाशी मखमलीची बारीक पट्टी असते. तिच्यात एक कण अडकला, तर ओढल्या जाणाऱ्या फिल्मवर तो टोकापासून टोकापर्यंत सरळ ओरखडा काढतो, आणि मग तो प्रत्येक फोटोत. म्हणून रोल मी रस्त्याकडेला बदलत नाही. बारागाव नांदूरला मुळा धरणाकडे जाताना एखाद्या घराच्या पडवीत थांबायची परवानगी मागतो आणि वाऱ्याकडे पाठ करून, अंगाच्या सावलीत झाकण उघडतो.

उन्हाचं गणित वेगळं. न वापरलेला रोल २१ अंशांच्या आत ठेवा, असं कोडॅक सांगतं. इथे एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. डबीतले रोल कपड्यांच्या मधोमध, ओलं फडकं गुंडाळलेल्या पाण्याच्या बाटलीजवळ ठेवतो, पण आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. फ्रिजमधून काढलेल्या रोलची डबी तर लगेच उघडूच नये. फिल्मवर दव धरतं.

घरी आल्यावर आधी ब्रश फिरवायचा, मग लेन्सचं कडं हलक्या हाताने हलवून पाहायचं. एखादा स्क्रू डुगडुगत असेल, तर घड्याळजीकडचा बारीक पेचकस त्याला बरोबर बसतो.