ओटा सामायिक की स्वयंपाक?

सहनिवासाच्या इमारतींचे नकाशे पाहिले की एक मांडणी सर्रास दिसते: काही खोल्यांमागे एक स्वयंपाकघर, ओळीने शेगड्या, प्रत्येकाला कुलपाचा कप्पा, फ्रिजमध्ये नावे चिकटवलेले डबे. इथे सामायिक असतो तो फक्त ओटा. स्वयंपाक ज्याचा त्याचा. असा ओटा भांडणाचे घर असतो, हे सोव्हिएत शहरांतल्या ‘कोमुनाल्कां’नी काही दशके दाखवून दिले. एकेका सदनिकेत अनेक कुटुंबे, एकच स्वयंपाकघर आणि त्यात प्रत्येकाचे वेगळे टेबल. कुठे कुठे तर सामायिक जागेतला दिवाही ज्याच्या त्याच्या मीटरवरचा. मुंबईच्या बीडीडी चाळींत संडास सामायिक होते, पण 160 चौरस फुटांच्या खोलीतही चूल घरातच राहिली. गिरणगावातल्या एकट्या कामगारांनी जवळ केली ती खाणावळ: एकीने रांधायचे, अनेकांनी जेवायचे.

खाणावळीचीच कल्पना स्वीडनने इमारतीत बसवून पाहिली. 1935 साली स्टॉकहोममध्ये वास्तुरचनाकार स्वेन मार्केलियस यांनी समाजशास्त्रज्ञ आल्वा म्युर्डाल यांच्या विचारांना धरून बांधलेल्या कलेक्टिव्ह घरात तळमजल्यावर मध्यवर्ती स्वयंपाकघर होते आणि जेवण छोट्या लिफ्टमधून थेट घरोघरी चढत असे. रांधणारे मात्र पगारी नोकर. पगार वाढत गेले, तशी ही व्यवस्था महाग झाली आणि मोडली. 1950च्या दशकात उभ्या राहिलेल्या, स्टॉकहोमच्या हेसेलबी उपनगरातल्या ‘कुटुंब-हॉटेला’त भाडेकरूंना जेवणाची कुपने घ्यावीच लागत; तिथला भोजनकक्षही 1976 मध्ये मालकांनी बंद केला. खरी गोष्ट इथून सुरू होते. काही रहिवासी त्याच मोठ्या स्वयंपाकघरात शिरले आणि आळीपाळीने सगळ्यांसाठी रांधू लागले. नोकरांविना हे जमते, वेळही वाचतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याच सुमारास ‘बू ई येमेनस्काप’ या स्त्रियांच्या गटाने वीस ते पन्नास कुटुंबांच्या लहान कलेक्टिव्ह घराचा आराखडा मांडला: प्रत्येकाने आपले घर दहाएक टक्क्यांनी लहान करून घ्यायचे आणि वाचलेल्या जागेत सामायिक दालने उभारायची. स्वयंपाक रहिवाशांचाच. हिशेबही सोपा आहे. चाळीस प्रौढ, चौघांची तुकडी, आठवड्यातून पाच रात्री जेवण, म्हणजे प्रत्येकाचा वार दोन आठवड्यांतून एकदा येतो.

ओट्याऐवजी स्वयंपाकच सामायिक करायचा, हे मान्य केले की नकाशा आपोआप बदलतो. आठ शेगड्यांऐवजी मोठ्या पातेल्यांना पेलणाऱ्या दोन-तीन भट्ट्या, चौघांना दोन्ही बाजूंनी उभे राहता येईल असे मधले टेबल, खोल मोरी, एकच कोठी आणि लागूनच जेवणघर. वासावरून, आवाजावरून लोक आत वळतील अशी जागा, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवर. गच्चीवरचे किंवा तळघरातले स्वयंपाकघर ओस पडते. आपल्याकडे फोडणीचा धूर ओढणारे पंखे सुरुवातीलाच हिशेबात धरावे लागतील. हे काम बिल्डरांना नेहमी शेवटी आठवते.

आक्षेप दोन. पहिला, एकांताचा: रोज पंगतीत बसायला कोणाला आवडते? म्हणूनच स्वीडनच्या या घरांत आणि डेन्मार्कच्या सहनिवासी वसाहतींत प्रत्येक घराला आपला छोटा ओटाही असतो. सामायिक जेवण सक्तीचे केले, तर ते हेसेलबीच्या कुपनांसारखे डोईजड होते. दुसरा आक्षेप अधिक अवघड, शाकाहार-मांसाहाराचा, आणि त्याच्या आडून येणाऱ्या जातीचा. भांडी आणि भट्टी वेगळी ठेवून आहाराचा प्रश्न बराचसा सुटतो. जातीचा सुटत नाही. कोणाच्या हातचे कोण खाणार हे नकाशात लिहिता येत नाही. पण कुलपाचे कप्पे आखणारा वास्तुरचनाकार त्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन बसलेला असतो.